पंपाच्या अलीकडे आणि पलीकडे : डिझेल इंजिनाला पेट्रोल इंजिनाचे सामान चालते का?

संत्र्याच्या आंबिया बहारासाठी झाडांना दिलेला ताण जानेवारीत तोडायचा असतो, आणि अमरावती जिल्ह्यातील वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात पहिल्या ओलिताच्या नेमक्या त्याच सकाळी विहिरीवरचे डिझेल इंजिन मान टाकते, हा अनुभव कोणालाच नवा नाही. तालुक्याचे दुकान दहानंतर उघडणार असते आणि एसटी त्याहून उशिरा येणार असते. घरच्या सपरीत मात्र मोटारसायकल, फवारणीचा पेट्रोल पंप आणि एखाद्याकडे पेट्रोलवर चालणारे पॉवर वीडर (निंदणीचे यंत्र) उभे असते. साहजिकच नजर त्यांच्या नळ्यांकडे, फिल्टरकडे आणि कॉककडे वळते. एका सालदाराने मला असेच विचारले होते, "पाइप म्हंजे पाइपच असते नं भाऊ, त्याले काय समजते आंदर डिझल हाय का पेट्रोल?" बाजाराच्या गावी गॅरेज टाकून पंचवीस वर्षे इंजिने खोलल्यावरही मला हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही, कारण काही सुटे भाग खरोखरच चालतात. कोणते चालतात हे मात्र आटे जुळण्यावरून किंवा नळी चपखल बसण्यावरून ठरत नाही. तो भाग इंधनाच्या वाटेवर कोठे बसतो यावरून ते ठरते.

म्हणून सामान हातात घेण्यापूर्वी विहिरीवरच्या साध्या एका सिलिंडरच्या इंजिनातील इंधनाची वाट बोटाने दाखवून पाहावी. वरच्या टाकीतून डिझेल कॉकमध्ये, कॉकमधून रबरी नळीने फिल्टरमध्ये आणि फिल्टरमधून इंजिनाच्या कुशीला बसवलेल्या पंपात येते. तेथून जाड भिंतीच्या लोखंडी पाइपाने ते हेडवरच्या, डिझेलचा फवारा सोडणाऱ्या नोझलपर्यंत जाते आणि नोझलमधून झिरपलेले थोडे डिझेल बारीक रिटर्न पाइपाने माघारी येते. या वाटेवरचा पंप ही सीमारेषा समजावी. पंपाच्या अलीकडे डिझेल निव्वळ उंचीच्या जोरावर, म्हणजे जवळजवळ दाबाशिवाय वाहते. पंपाच्या पलीकडे हाच दाब एकदम सुमारे २०० बारवर जातो, कारण त्याखाली नोझलची सुई उघडतच नाही. मोटारसायकलच्या चाकात आपण दोन-सव्वादोन बार हवा भरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अंदाज येतो.

कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारे भांडे असलेल्या, पेट्रोल इंजिनात अशी सीमारेषाच नसते. तेथे टाकीपासून फ्लोटच्या वाटीपर्यंत पेट्रोल आपल्या वजनाने उतरते आणि जेटमधून ते इंजिनाची आत ओढली जाणारी हवाच उचलून नेते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणाची मानके लागू झाल्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटरच्या जागी विजेवर चालणारा पंप आणि इंजेक्टर आला. तरीही तेथील दाब साधारण तीन बारच्या आसपास असतो. म्हणजे पेट्रोल मोटारसायकलीच्या इंधनव्यवस्थेतील सर्वांत ताकदवान भागदेखील डिझेल इंजिनाच्या पंपाच्या अलीकडेच शोभतो, आणि तेथेही तो सरसकट चालत नाही, कारण दोन्ही इंधनांचा स्वभाव निराळा आहे.

स्वभावातील पहिला फरक दाटपणाचा आहे. ४० अंश तापमानाला डिझेलचा दाटपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक) असावा असे भारतीय मानक सांगते, तर पेट्रोलचा दाटपणा एकाच्याही आत राहतो. जानेवारीच्या पहाटे गारठा पडला म्हणजे डिझेल आणखी जड वाहते. दुसरा फरक वंगणाचा आहे आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा तोच आहे. डिझेलच्या पंपातील प्लंजरला, म्हणजे मागेपुढे सरकून डिझेल दाबणाऱ्या दांड्याला, इंजिनातील ऑइल मिळत नाही. त्याला वंगण मिळते ते त्याच्यातून जाणाऱ्या डिझेलचेच. बीएस-६ डिझेलमधील गंधक दर किलोला १० मिलिग्रॅमपर्यंत उतरवताना त्याचे नैसर्गिक वंगणगुणही कमी होतात, म्हणून त्यात ते गुण परत आणणारे द्रव्य मिसळावे लागते आणि घासणीची प्रमाणित चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. पेट्रोल याउलट कोरडे असते; ते धुऊन काढते, माखत नाही. तिसरा फरक पेटण्याचा आहे. डिझेल इंजिनात हवा सतरा-अठरापट दाबली जाऊन इतकी तापते की डिझेल आपोआप पेटते, तर पेट्रोल आपोआप पेटू नये, ठिणगीनेच पेटावे, या हिशेबाने ते बनवलेले असते.

एवढे समजले म्हणजे पंपाच्या पलीकडचा निर्णय थोडक्यात सांगता येतो. पंप, त्याचा एलिमेंट (प्लंजर आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल यांची जोडी), पंपाच्या तोंडावरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह, लोखंडी पाइप आणि नोझल यांपैकी कोणत्याही भागाला पेट्रोल इंजिनात पर्याय नाही आणि यांपैकी एकही भाग पेट्रोल इंजिनाच्या उपयोगाचा नाही. अडीअडचणीला काहीजण लोखंडी पाइपाच्या जागी मोटारीचा ब्रेक पाइप वाकवून बसवू पाहतात. ब्रेकचा पाइप दाब सोसतो हे खरे असले, तरी दर मिनिटाला शेकडो वेळा बसणारे २०० बारचे ठोके सोसण्यासाठी तो घडवलेला नसतो. शिवाय त्याचे आतले भोक आणि लांबी बदलली की डिझेल नोझलपर्यंत पोहोचण्याचा क्षणही बदलतो आणि टायमिंग बिघडते.

एलिमेंटविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. प्लंजर आणि त्याचे बॅरल यांच्यातील जागा दोन-चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे दोन-चार हजारांश, असते. माणसाचा केस त्याच्या वीसपट तरी जाड भरेल. कारखान्यात हे दोन्ही भाग एकमेकांत घासून जोडीने बसवलेले असतात, त्यामुळे एकाच बनावटीच्या दोन डिझेल इंजिनांचे प्लंजरही आपसांत अदलाबदल करता येत नाहीत. जोडी तपासण्याची जुनी रीत सोपी आहे. दोन्ही भाग स्वच्छ डिझेलमध्ये धुवावेत, बॅरल तिरपे धरावे, प्लंजर अर्धा बाहेर ओढून सोडावा आणि पाहावे. चांगला प्लंजर कोठेही न अडखळता, तुपात बोट उतरावे तसा, आपल्या वजनाने सावकाश खाली सरकतो. एकदा पाहिल्यावर तसाच फिरवून पुन्हा सोडावा. जो गडगडत खाली जातो तो झिजलेला असतो आणि जो अध्येमध्ये थबकतो त्याला गंज किंवा चरा असतो. अशा जोडीतून पेट्रोल वाहू दिले तर वंगणाअभावी धातूला धातू घासतो आणि प्लंजर जागच्या जागी धरतो.

पेट्रोल दाबाने सोडण्याचे तंत्र अस्तित्वात नाही असे मात्र कोणी समजू नये. १९५४ साली बाजारात आलेल्या मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल या मोटारीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडले जात असे आणि तिचा बॉशचा पंप डिझेल पंपाच्या धर्तीवर होता. पण तो पंप पेट्रोलसाठी मुद्दाम वेगळा घडवलेला होता. कोणी मालमोटारीचा पंप उचलून त्या मोटारीला लावलेला नव्हता.

आता पंपाच्या अलीकडे यावे, कारण शेतकऱ्याची खरी अडचण तेथेच असते. रबरी नळीबाबत माझे उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला अटी आहेत. पेट्रोलसाठी बनवलेली, आत तेल सोसणारे रबर आणि मध्ये धाग्याची वीण असलेली नवी नळी पंपसेटच्या टाकी ते फिल्टर या टप्प्यावर निर्धोक चालते. तिचे आतले माप जुन्या नळीएवढेच असावे. माप घ्यायचे साधन जवळ नसेल, तर ड्रिलच्या बिटाचा मागचा गोल भाग जुन्या नळीत घालून पाहावा आणि तोच बिट नव्या नळीत तितकाच घट्ट बसतो का ते तपासावे. मोटारसायकलवरून काढलेली वापरातली नळी मात्र शक्यतो लावू नये. लावावीच लागली, तर आधी ती टोकाला अंगठ्याने मुडपावी. बारीक भेगा दिसल्या किंवा नखाने दाबलेला खळगा भरून आला नाही, तर ती टाकून द्यावी. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, हेही लक्षात ठेवावे.

ट्रॅक्टरवर हीच नळी लावताना जास्त जपावे लागते. तेथे फीड पंप डिझेल ओढून घेतो, त्यामुळे मऊ नळी आतल्या आत चपटी होते आणि सैल क्लिपमधून डिझेल गळण्याऐवजी हवा आत शिरते. बाहेर थेंबही दिसत नाही, इंजिन मात्र मिसिंग करते. ट्रॅक्टरवर नळी बदलली असेल आणि दोष सापडत नसेल, तर आधी क्लिपा पाहाव्यात.

पारदर्शक प्लास्टिकची स्वस्त नळी दोन्ही इंधनांत काही महिन्यांत पिवळी पडून काचेसारखी कडक होते. ठिबकची नळी तर आमच्या भागात प्रत्येक वावरात पडलेली असते आणि तिचा मोह फार होतो. पण ती पाण्यासाठी आहे, इंधनात तिचे प्लास्टिक फुगते आणि मऊ पडते. सायकलच्या ट्यूबचा कापून केलेला वॉशर हाही असाच एक उपाय आहे. ट्यूबचे रबर डिझेल पिऊन दोन दिवसांत फुगते आणि वॉशर जागेवरून बाहेर डोकावू लागतो. बँजो बोल्टला, म्हणजे ज्याच्या पोकळीतून इंधन जाते त्या बोल्टला, तांब्याचाच वॉशर लागतो. नवा मिळेपर्यंत जुनाच वॉशर लाल होईस्तोवर तापवून पाण्यात बुडवला की तो पुन्हा मऊ होतो आणि एक वेळ निभावून नेतो.

फिल्टरच्या बाबतीत माझीच चूक सांगतो. फार वर्षांपूर्वी एका बागेत इंजिनाच्या फिल्टरची वाटी तडकली होती आणि ओलीत थांबवणे शक्य नव्हते. मी मूळ फिल्टर बाजूला ठेवून नळीच्या मध्येच मोटारसायकलचा छोटा कागदी फिल्टर बसवला आणि "दोन दिवस चालवा, वाटी आणतो" असे सांगून निघालो. त्या दोन दिवसांचे पंधरा दिवस झाले, आणि त्याला जबाबदार मीच होतो. मोटारसायकलच्या फिल्टरला खाली पाणी साचायला जागा नसते आणि त्याचा कागदही डिझेलच्या पंपाला हवा तेवढा बारीक नसतो. डिझेलच्या चांगल्या फिल्टरने पाच-दहा मायक्रॉनचा कण अडवणे अपेक्षित असते. कॅनमधून आलेले पाणी सरळ पंपात उतरले. पंप खोलला तेव्हा आरशासारख्या प्लंजरवर केसाएवढी एक तांबूस रेघ दिसली, बोटाला जाणवणारही नाही एवढी, आणि प्लंजर बरोबर त्या रेघेपाशी थबकत होता. नव्या एलिमेंटचे पैसे मी घेतले नाहीत. तेव्हापासून पेट्रोलचा फिल्टर डिझेलला एकटा लावायचा नाही, हा माझा नियम आहे. मूळ फिल्टर जागेवर असताना त्याच्याआधी जाड कचरा अडवायला लावला तर हरकत नाही, पण मग तो पारदर्शक असावा आणि रोज पाहावा.

उलट दिशेने, म्हणजे डिझेलचा फिल्टर पेट्रोल इंजिनाला लावण्यात नुकसानीपेक्षा निरुपयोगच जास्त आहे. तो मोठा आणि दाट असतो, केवळ उतारावर येणारे पेट्रोल त्यातून कमी पडू शकते, आणि त्याच्या भांड्यात नाहक पावशेर-अर्धाशेर पेट्रोल गरम इंजिनाशेजारी साठून राहते.

कॉक आणि टाकी यांचा विचार एकत्र करता येतो. पाच एचपीचे डिझेल इंजिन भर लोडवर तासाला साधारण एक ते सव्वा लिटर डिझेल घेते, त्यामुळे मोटारसायकलच्या कॉकमधून तेवढा प्रवाह सहसा मिळतो. तो स्वच्छ असावा आणि आतले रबर शाबूत असावे. ट्रॅक्टरला तो पुरत नाही. टाकीला मात्र रिटर्नची तोटी लागते, जी कार्बोरेटरच्या टाकीला नसते. तशी तोटी जोडण्यासाठी पेट्रोलच्या रिकाम्या टाकीला वेल्डिंग करू नये. रिकाम्या टाकीतील वाफ ही भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते आणि नुसते पाण्याने खळबळून ती जात नाही. जस्ताचा मुलामा असलेला डबा किंवा पाइप डिझेलला वापरू नये, कारण जस्ताशी होणाऱ्या क्रियेतून साबणासारखा गाळ तयार होतो आणि तो फिल्टर व नोझल तुंबवतो.

कॅन दोन्हींसाठी वेगवेगळ्या ठेवाव्यात. डिझेल सुरक्षित असते अशी आपली समजूत आहे, पण भारतीय मानकानुसार त्याच्या वाफेला ज्योतीने पेट घेता येईल असे किमान तापमान ३५ अंश ठरवलेले आहे, आणि मे महिन्यात विदर्भातील सावलीतला पारा त्याच्या दहा अंश पुढे असतो. पेट्रोलच्या कॅनमध्ये तळाशी राहिलेले थोडेसे पेट्रोल ही मर्यादा आणखी खाली आणते.

कार्बोरेटर आणि स्पार्क प्लग डिझेल इंजिनाला लावून ते पेट्रोलवर चालवता येईल का, असेही कोणी विचारते. सतरापट दाबाच्या इंजिनात पेट्रोल वेळेआधी भडकून पिस्टन फोडील, एवढेच उत्तर पुरे आहे. ५० एचपीवरील ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून नवी प्रदूषण मानके लागू झाली; अशा ज्या ट्रॅक्टरांत कॉमन रेल व्यवस्था (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणारी) आहे, तेथे दाब हजार बारच्या पुढे जातो. त्यांच्या इंधनाच्या वाटेला घरी पानाच लावू नये.

समजा नळी बदलली. आता इंजिन सुरू होण्यापूर्वी आत शिरलेली हवा काढावी लागते, नाहीतर चांगली नळीही वाईट ठरते. कॉक उघडावा, टाकी अर्ध्याच्या वर भरलेली असावी. फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करावा आणि खाली चिंधी धरून पाहत राहावे : आधी फेस येतो, मग फुटणारे बुडबुडे आणि शेवटी अखंड धार. अखंड धार आल्यावर, ती चालू असतानाच स्क्रू आवळावा. मग हीच क्रिया पंपावरच्या स्क्रूची करावी. त्यानंतर नोझलकडचे लोखंडी पाइपाचे नट अर्धा आटा सैल करून, डीकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडून हँडल हलके करणारी दांडी) उचलून, हँडल सावकाश फिरवावे. तेथून बुडबुड्यांशिवाय डिझेल उसळू लागले की नट आवळावे. आता पुन्हा हँडल फिरवले की नोझलमधून 'चर्र' असा करकरता आवाज ऐकू येतो. तो आवाज आला म्हणजे लिव्हर टाकून इंजिन सुरू करायला हरकत नाही.

नोझल बाहेर काढून फवारा पाहण्याचे काम नोझल तपासण्याच्या टेस्टरवरच करावे आणि हात कधीही फवाऱ्यासमोर धरू नये. तो फवारा कातडीतून सुईसारखा आत जातो. वर फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही, पण आतले मांस काही तासांत सडू लागते. असे झाले तर मलम लावून थांबू नये. तडक जिल्ह्याच्या रुग्णालयात शल्यचिकित्सकाला गाठावे आणि दाबाचे डिझेल कातडीखाली गेले आहे असे स्पष्ट सांगावे.

कॅनच्या गोंधळात इंधनच चुकीचे भरले गेले, तर काय करावे ते दोन्ही बाजूंनी वेगळे आहे. फवारणीच्या किंवा वीडरच्या पेट्रोल इंजिनात डिझेल गेले तर इंजिन सुरूच होत नाही, किंवा धूर ओकून बंद पडते; टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी, दोन्ही थोड्या पेट्रोलने धुवावीत, प्लग पुसून कोरडा करावा आणि काम पुढे न्यावे. मोठे नुकसान सहसा होत नाही. टू-स्ट्रोक इंजिन असेल तर नव्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावे. डिझेल इंजिनात पेट्रोल पडले तर मात्र हँडल एकदाही मारू नये, ट्रॅक्टरची चावीही फिरवू नये. टाकी, नळी आणि फिल्टर पूर्ण रिकामे करावेत, फिल्टरचा कागद बदलावा, ताजे डिझेल भरून वर सांगितल्याप्रमाणे हवा काढावी आणि मगच इंजिन हलवावे. चालू इंजिनातच पेट्रोल गेले असेल आणि ते खडखडून बंद पडले असेल, तर पंप काढून कॅलिब्रेशनच्या, म्हणजे पंप तपासून जुळवून देणाऱ्या, दुकानात न्यावा. काढलेले मिश्रण झाकण असलेल्या कॅनमध्ये भरून तिच्यावर खडूने तसे लिहावे, कारण घरात ते रॉकेल समजून दिव्यात किंवा चूल पेटवायला नेले जाण्याची शक्यता फार असते.